पानात बांधलेला कडूकांद

मी संशयी बाई आहे, असं माझ्या सुना मला तोंडावर म्हणतात. म्हणू देत. कोणी फार गोड बोललं की माझे कान उभे राहतात, आणि कोणी विनाकारण हसलं की आधी माझी नजर त्याच्या हाताकडे जाते. हा स्वभाव मी आईच्या पोटातून आणलेला नाही. तो मला बोईसर-चिंचणीच्या हुतूतूच्या मैदानांनी दिला, आणि तोही मी स्वतः न खेळता.

खेळायचा माझा धाकटा भाऊ.

आम्ही वारली. मनोरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी आमचा पाडा. पावसाच्या पाण्यावर नागली-भात व्हायचं, ते होळीपर्यंत पुरलं तर नशीब. मग गवत कापायला नाहीतर वीटभट्टीवर जायचं. मी आश्रमशाळेत राहून सातवी झाले आणि बोईसरला बालवाडीवर लागले. आमच्या पाड्यावरची पगार घेणारी पहिली बाई मीच, त्यामुळे घरातही माझा तोरा जरा जास्तच होता. साठीच्या दशकातली ही गोष्ट. तारापूरला वीज करायच्या मोठ्या कारखान्याचं बांधकाम निघालं होतं. बोईसर स्टेशनवर रोज नवी माणसं उतरत होती, कोणी साताऱ्याकडची, कोणी मद्रासकडची, कोणी पार उत्तरेकडची. भावाला तिथल्या एका ठेकेदाराकडे खडी वाहायचं काम मिळालं, आणि तो माझ्याच खोलीवर राहायला आला.

त्या ठेकेदाराच्या कामगारांचा हुतूतूचा संघ होता. भाऊ एकदा गंमत म्हणून उतरला आणि पुन्हा बाहेर बसलाच नाही. त्याचा दम बघावा! हुतूतूत पलीकडच्या अंगणात शिरल्यापासून परत मधल्या रेषेला पाय लागेपर्यंत एका श्वासात ‘हुतूतूतू’ म्हणत राहायचं असतं. आवाज तुटला की गडी बाद, मग त्याला कोणी धरलेलं असो की नसो. माझा भाऊ आत शिरला की बघणारेच श्वास सोडून मोकळे व्हायचे, ह्याचं आपलं चालूच. लहानपणापासून डोंगर चढून मोळ्या आणलेल्या, छाती भात्यासारखी झालेली.

ठेकेदाराच्या साहेबाने संघाला सांगून ठेवलं होतं की पालघरच्या अंतिम सामन्याला जिल्ह्याचा संघ निवडणारे येणार आहेत, आणि जो जिल्ह्यात जाईल त्याला तो कामावर कायम करून घेईल. कायम! हा शब्द भाऊ झोपेतसुद्धा बोलायचा. कायम झाला म्हणजे गवत कापायला वसईपर्यंत जाणं संपलं, आईचं भट्टीवर जाणं संपलं. तेव्हा त्या वर्षी आमच्या घराचं सगळं काही त्याच्या एका श्वासावर येऊन बसलं होतं.

आता मैदानावरच्या माणसांबद्दल. शिव्या सगळ्यांनाच पडायच्या, ते खोटं नाही. चढाई करणारा एक शब्द उलटून बोलला, नुसता ‘हं’ म्हणाला तरी तो बाद होतो, म्हणून त्याला चिडवायचं, बोलतं करायचं. तीही एक रीतच पडून गेली होती. आमच्या संघाचा कप्तान साताऱ्याकडचा. तो आत शिरला की चहूबाजूंनी “ए घाटी, ए घाटी” सुरू व्हायचं. तो परत येऊन हात वर करायचा आणि ओरडायचा, “हाय घाटी! काय म्हननं हाय?” लोक खदाखदा हसायचे आणि तिथेच ते संपायचं. माझ्या भावाचं तसं संपत नसे. तो आत शिरला की पहिल्यांदा त्याच्या रंगावर. मग “लंगोटी सांभाळ रे”. मग कोणी माकडाचे आवाज काढायचा, कोणी झाडाची फांदी तोडून आत फेकायचा, घे, चढ म्हणून. बांधकामावरची माणसं हिंदीत ओरडायची, “जंगली को पकड़ो!” आणि हे ओरडणारे कोण? घरी गेल्यावर देवापुढे हात जोडणारे, मुलांना पाढे शिकवणारे, बालवाडीत मुलं आणून सोडताना मला “बाई, नमस्कार” म्हणणारे.

मी त्यांच्यातच बसायचे. पाचवारी पातळ, घट्ट वेणी, हातात छत्री. मला बघून ही त्याची बहीण असेल असं कोणाला वाटायचं नाही. शेजारच्या बायका मला शेंगा द्यायच्या आणि शेंगा खाता खाता माझ्या भावाला माकड म्हणायच्या. मी शेंगा घ्यायचे. घ्यायचे आणि चेहरे बघून ठेवायचे. तोंड उघडलं असतं तर भावाने पुढच्या वेळेला मला येऊ दिलं नसतं.

भाऊ मात्र दगड. काही ऐकूच येत नसल्यासारखा खेळायचा. मी विचारलं तर म्हणायचा, “बाय, पाखरां उडवाया पोरां नाय का बोंबलत? तसाच तां. पाखराने ऐकाचा, आपुन नाय.”

मग चिंचणीचा सामना आला.

त्या काळी गावागावांत एक चांगली पद्धत होती. बाहेरगावचा संघ आला की त्यातले गडी गावातल्या घरांमध्ये जेवायला वाटून द्यायचे. कप्तानाला एक घर, आणखी दोघांना एक घर, असं. भावाच्या वाट्याला एका बागायतदाराचं घर आलं. हे आम्हाला आदल्या आठवड्यातच कळलं होतं. त्याने ते पाड्यावर जाऊन आईला सांगितलं, आणि आईची तारांबळ उडाली. बागायतदाराच्या घरी जेवायला जायचं ते रिकाम्या हाताने कसं?

आमच्याकडे पाहुणा म्हणून जाताना घरातलं सगळ्यात चांगलं न्यायचं असतं. आणि आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं म्हणजे कडूकांद. ज्याने खाल्ला नाही त्याला सांगते. जंगलात खोल खणून काढावा लागतो. तसाच खाल्ला तर घसा धरतो, उलट्या होतात. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख लावून उकडायच्या, मग टोपलीत घालून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. कडूपणा निघून गेला की मीठ घालून पुन्हा शिजवायच्या. दोन दिवसांचं काम. आळस केला तर खाणारा आजारी, म्हणून हे काम आई कोणावर सोपवायची नाही. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की यानेच आम्हाला जगवलं, आणि सणालाही हाच. आईने तो केला, पळसाच्या पानांत बांधला, वर वेलीची गाठ मारली आणि भावाच्या हातात दिला. मी बोईसरच्या खोलीवर ते पुडकं बघितलं आणि मला एकदम भीती वाटली. म्हटलं, “हे कशाला नेतोस? केळी घेऊन जा.” तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जशी मीच परकी.

सामना जेवणानंतर, उतरत्या दुपारी होता. भावाच्या पहिल्याच चढाईला, नेहमीची माकडं-लंगोट्या सुरू व्हायच्या आधीच, कुठूनशी हाक आली, “कडूकांद्या!”

आणि मग सगळं मैदान. “कडूकांद्या! ए कडूकांद्या! काय खाऊन आला रे, मुळ्या?” जे त्यांना कधी माहीतच नव्हतं, ते त्यांच्या तोंडात आलं होतं.  रंग दिसतो, तो कोणीही बोलतो. पण आमच्या चुलीवर काय शिजतं, हे ह्यांना कोणी सांगितलं?

भाऊ तो सामना खेळला आणि आम्ही जिंकलोही. पण परत येताना तो सगळ्यांच्या मागून चालत होता, आणि पाखरांची गोष्ट त्याने काढली नाही.

खोलीवर आल्या आल्या मी त्याला धरलं. “कोणी सांगितलं त्यांना?”

“जाऊं दे.”

“तुला माहीत आहे ना?”

“माहीत हाय. पन सांगाचा नाय.” आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. आपल्या माणसावर आळ येत असेल तरच असं गप्प बसतात. पुडकं बागायतदाराच्या घरी गेलं होतं खरं, पण पान वाढणारेच पाहुण्याची टिंगल करतील हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. आणि आमच्या घरी जेवलेला, चुलीपाशी बसून कडूकांद खाल्लेला परका माणूस एकच होता. कप्तान. श्रावणात तो भावाबरोबर पाड्यावर आला होता. घरात दुसरं काही नव्हतं म्हणून आईने हेच वाढलं. पठ्ठ्याने बोटं चाटून खाल्लं होतं आणि म्हणाला होता, “मावशे, ह्येच्यातच हाय व्हय ह्याचा दम!” तेव्हा मला ते बोलणं आवडलं होतं. आता मी ते उलटंपालटं करून बघायला लागले. जिल्ह्यात जागा किती जणांना मिळणार? कायम व्हायचं तर त्यालाही होतंच की. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी मनाशी म्हटलं. चोर घरातलाच.

त्यानंतर कप्तान खोलीवर आला की मी चहा द्यायचे, पण नजर त्याच्यावरून हलवायची नाही. तो हसला की वाटायचं, का हसला? भावाच्या पाठीवर हात टाकला की वाटायचं, हा हात कशासाठी? एकदा तो म्हणाला, “ताई, लोक काय बी वराडत्यात. आपन चिडलो की त्येंचं फावतंय. मी न्हाई का, घाटी म्हनलं की घाटी!”

मी म्हटलं, “तुमचं वेगळं आहे.”

“वेगळं काय त्यात? शिवी ती शिवी. आपनच उचलून डोक्यावं घ्यायची, मग त्येंच्या हातात काय ऱ्हातंय?”

 फार शहाणपणा करतोय, एवढंच मनात नोंदवून ठेवलं.

पालघरच्या अंतिम सामन्याला मी लवकर जाऊन पुढे जागा धरली. समोरचा संघ चिंचणीला लागून असलेल्या तारापूरचा होता, म्हणून त्या बाजूची माणसं बैलगाड्या जुंपून आली होती. निवडणारे दोघं पंचांच्या टेबलाशेजारी खुर्च्यांवर. आमच्या बाजूला बांधकामावरचे झाडून सगळे कामगार. मी मात्र नेहमीप्रमाणे बायकांमध्ये, आणि माझ्या शेजारी येऊन बसली ती चिंचणीची एक बाई. अंगावर चांगलं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा गजरा, बोलायला अघळपघळ. बसल्या बसल्या तिने मला गजऱ्यातली फुलं काढून दिली.

भाऊ मैदानात आला तसा तिकडून पुकारा सुरू झाला, “कडूकांद्या!” ती बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मग माझ्या कानाशी लागली.

“अगं, हा आमच्याचकडं जेवाया आला होता! पडवीत पान वाढलं त्याला. येताना पानात कायतरी बांधून आनलंन. मी म्हटलं, काय हाय रे? तर सांगाया लागला, कसा खनायचा, कशी राख लावायची, किती सांगू! आमची पोरां मागं उभी राहून हसून हसून मेली. तीच मग मैदानावर बोंबलली.”

मी विचारलं, “मग खाल्लंत का तुम्ही?”

“ईऽ! खायाचं? म्हशीपुढं टाकलं. म्हशीनंबी हुंगलं नाय!”

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. पण जेवायला बोलावणाऱ्यानेच पाहुण्याच्या घरचे वासे मोजले, तर त्याला काय म्हणायचं ते कुठल्या म्हणीत नाही. माझ्या आईचे दोन दिवस, ओढ्याचं पाणी, ती वेलीची गाठ, आणि म्हैस! त्या बाईच्या तोंडात मारावीशी वाटली मला. तिची अबोली मी मुठीत चुरडून टाकली. आणि त्याच वेळेला कळलं की भाऊ का गप्प होता. तो त्यांच्या घरी जेवला होता. जेवलेल्या घराचं नाव तो घेणार नव्हता.

म्हणजे कप्तान नव्हता! एवढ्या संतापातही मला हलकं वाटलं. मी मान उंच करून आमच्या बाजूला कप्तानाला शोधू लागले.

सामना अगदी शेवटाला आला होता. दोन्हीकडचे गुण बरोबरीत. कप्तान बाद होऊन रेषेबाहेर उभा होता, आणि आमची शेवटची चढाई भावाची. तो मातीला हात लावून आत शिरला. ‘हुतूतूतूतू’. तिकडचे लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते, माकड, जंगली, सगळं. त्याला त्याचं काहीच नव्हतं. एकाला त्याने कोपऱ्यात पायाने शिवलं, दोघांच्या मधून निसटला, आणि वळला. मधली रेषा चार पावलांवर. श्वास भरपूर शिल्लक. मी त्याचा दम ओळखते, तो आणखी एकदा सगळं अंगण फिरून आला असता. खुर्चीवरचा एक जण उठून उभासुद्धा राहिला.

तेवढ्यात कप्तानाने दोन्ही हात वर केले. त्याच्या मागे बसलेले आमचे सगळे कामगार एका तालात टाळ्या वाजवायला लागले आणि ओरडायला लागले, “कडूकांद! कडूकांद! कडूकांद!”

आधीच ठरवून ठेवलं असणार त्यांनी. चेहरे आनंदाने फुलून आले होते. शिवी उचलून डोक्यावर घेतली होती ना! कप्तान तर नाचत होता.

भावाने मान वळवली. दुश्मनाच्या बाजूला त्याने वर्षभरात कधी वळवली नव्हती, ती आपल्या माणसांकडे वळवली. आणि आवाज थांबला. कोणी त्याला धरलं नव्हतं, कोणी जवळही नव्हतं. तो मोकळ्या जागेत उभा होता आणि तोंड उघडं होतं. पंचाने शिट्टी मारली, आणि त्या एका गुणाने सामना गेला.

तो परत आमच्या बाजूला गेलाच नाही. समोरच्या गर्दीतून वाट काढत बाहेर पडला आणि मनोरच्या रस्त्याला लागला. लोकांनी त्याला वाट दिली, पाठीवर दोनचार टपल्याही दिल्या.

मी पळत गेले ती कप्तानासमोर उभी राहिले. तो रडवेला झाला होता. “ताई, बघितलंत न्हवं? कुनी धरलंबी न्हाई त्येला! दम तुटला कसा?”

“तुम्ही तोडलात.”

“आमी? आवं आमी तर त्येचंच नाव घेत होतो!”

“ते त्याचं नाव नाही,” मी म्हटलं.

त्याला खरंच कळलं नाही. मी आजही शपथेवर सांगेन की त्या माणसाच्या मनात काडीचं पाप नव्हतं. म्हणूनच सांगते, वाईट माणसावर लक्ष ठेवणं सोपं असतं. त्याचा डाव आपल्याला आधी कळतो. प्रेमाने टाळ्या पिटणाऱ्याचा काही भरवसा नाही.

जिल्ह्याच्या संघात कप्तानाची निवड झाली. पुढे तो कायमही झाला. भाऊ माझ्या खोलीवर आलाच नाही, पाड्यावरून निरोप आला की तो गवत कापणाऱ्यांच्या टोळीबरोबर वसईकडे निघालाय. तो जायच्या आत गाठावा म्हणून मी बालवाडीला सुट्टी टाकून गेले.

पोचले तेव्हा आई अंगणात कांदाच्या चकत्या करत होती. टोळीबरोबर शिदोरी द्यायची होती. भाऊ आत, कुडाच्या भिंतीला टेकून विळ्याला धार लावत होता.  मी आईजवळ बसले आणि चकत्यांना राख लावू लागले. आई हळूच म्हणाली, “बाय, तो कायच सांगत नाय. एक इचारू तुला?”

“विचार.”

“त्या चिंचनीच्या बाईला... कडू लागला का गं? मी रातभर वाहत्या पान्यात ठेवला होता. दोनदा उठून टोपली हालवून आली. तरी कडू रायला का? त्याच्यामुलं तर नाय ना ह्याला खेलातून काढला?”

आत विळ्याचा आवाज थांबला.

“नाही गं आये,” मी म्हटलं. “गोड झाला होता. सगळ्यांनी खाल्ला. आणखी मागत होते.”

आईचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. “मंग?” ती म्हणाली, “पुढल्या खेपंला मोठी टोपली करू.”

“पुढली खेप नाय, आये,” भाऊ आतून म्हणाला. मग विळ्याला धार लावायचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि आईने पुढचा कांद कापायला घेतला.